अठ्ठेचाळीसवी जागा

कळलं तो दिवस अकरा जूनचा, बुधवार. सकाळी दहाच्या सुमारास मी घरच्या सिंथेसायझरची चार आणि आठ ही बटणं दाबली, डाव्या करंगळीनं सगळ्यात खालची पट्टी दाबली, आणि खोलीत पितळी बँडचा आवाज झाला. भरघोस, चकचकीत, दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आवडावा असा. मी बोट उचललं. परत दाबलं. परत तोच. हा आवाज मला चांगला माहीत होता. कारखान्यातून मशीन बाहेर पडायचं तेव्हा अठ्ठेचाळीसव्या जागेवर हाच भरलेला असायचा. आम्ही त्याला लग्नाचा बँड म्हणायचो. मी मशीन बंद केलं, चालू केलं, पुन्हा चार, पुन्हा आठ. पहिल्या खेपेलाच मला कळून चुकलं होतं, पण हात करत राहिले. शेवटी खुर्ची मागे सरकवली आणि टेबलावर ठेवलेल्या सोल्डरिंग गनकडे बघत बसलो. ती अजून गरम होती.

तोशिएला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. ती गेल्याचं मला असं एका क्षणी कळलं नाही. तीन आठवडे दवाखान्यात सगळेच हळू बोलायला लागले होते, त्यामुळे ते येताना दिसत होतं. जानेवारीतला आमच्याकडचा कोरडा वारा खिडक्या हलवत होता आणि ती म्हणाली, बाहेर वाळत घातलेल्या चादरी आत घ्या, उडतील. तिचं शेवटचं धड वाक्य ते. हे मात्र तसं नव्हतं. हे मी माझ्या हातांनी केलं होतं, स्वच्छ उजेडात, चष्मा लावून, तासाभरापूर्वी.

मी एकतीस वर्षं हामामात्सुत एका वाद्यांच्या कारखान्यात होतो. आमच्या गावात असे कारखाने बरेच आहेत आणि दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी त्यांतल्या एकात असतं. पहिली तीन वर्षं मी जोडणीला होतो, मग दुरुस्तीला, आणि दुरुस्तीतच निवृत्त झालो. लोकांना वाटतं अशी मशीनं आवाज साठवतात. आमच्या वेळची साठवत नसत. आवाज दर वेळी नव्यानं तयार व्हायचा, वीज खेळवून. साठवलं जायचं ते एवढंच, की आवाज तयार करताना वरखाली सरकणाऱ्या खुंट्या कुठे ठेवल्या होत्या. सत्तावीस खुंट्या, म्हणजे सत्तावीस आकडे. अशा चौसष्ट जागा. आणि मशीन बंद असताना हे आकडे विसरले जाऊ नयेत म्हणून आत एक येनच्या नाण्याएवढी बॅटरी. ती दहाएक वर्षं चालते. म्हणजे अठ्ठेचाळीसव्या जागेवर आवाज नव्हताच. तोशिएची बोटं सत्तावीस ठिकाणी कुठे कुठे थांबली होती, तेवढं होतं. नसती बॅटरी, तर ते शहाऐंशी सालीच संपलं असतं. असं मी स्वतःला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

बॅटरी बदलायचं माझ्या डोक्यात आलं ते मिसाओमुळे. मिसाओ ही तोशिएची धाकटी बहीण, नदीपलीकडे इवाताला राहते, तव्यावर भाजलेल्या ग्योझा-करंज्यांचं छोटं दुकान चालवते आणि बोलते ते गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं. एप्रिलमध्ये तोशिएच्या अस्थी ठेवायला आम्ही देवळात गेलो तेव्हा परत येताना ती म्हणाली, "दाजी, पहिलं ओबोन आहे. जुलैत गेलेली माणसं घरी येतात, तशी ताई येईल. नेनबुत्सुवाल्यांना मी सांगितलंय, ते ताईच्या नावानं ढोल वाजवायला येतील. पण त्याच्या आधी ताईचा तो आवाज लावायचा. तो ऐकून तिला घर ओळखू येईल. नाहीतर जाईल आपल्या जुन्या कारखान्यात." मी हो म्हणालो. मग दोन महिने माझ्या मनात एकच घोळत राहिलं, की बॅटरी दोन हजार चारची आहे. दहा वर्षं झाली. नेमकी ओबोनच्या दिवशी मान टाकली तर? जूनमध्ये मी मशीन उघडलं. मोजलं तर दोन पूर्णांक सात व्होल्ट भरली. ती अजून वर्षभर चालली असती. हे मी नंतर ठरवून म्हणत नाही, तेव्हाच मनात म्हटलं होतं, आणि तरी म्हटलं, उघडलंच आहे तर बदलून टाकू.

काळजी सगळी घेतली. जुनी काढण्याआधी दुसरी बॅटरी दोन तारांनी लावून धरली, म्हणजे मधल्या वेळात आकडे उपाशी राहू नयेत. जुनी उतरवली, नवी बसवली, सोल्डर चमकला, धरलेली बॅटरी सोडली. चौदा स्क्रू. झाकण. आणि मग, दुरुस्तीच्या बाकावर अठ्ठावीस वर्षं केलं तसं, पॅनेलच्या दोन टोकांची दोन बटणं दाबून धरली आणि पॉवर दिली. त्यानं मशीन सगळं विसरतं आणि कारखान्यानं दिलेले चौसष्ट आवाज परत भरून घेतं. आमच्या बाकावर हे लागायचंच. गिऱ्हाईक मशीन आणायचं तेव्हा बॅटरी मेलेली असायची आणि आत नुसता कचरा उरलेला असायचा. बॅटरी बदलली, की झाकण, मग दोन बटणं, मग सगळ्या खुंट्या एकदा वर एकदा खाली, मग सही. मी खुंट्याही वरखाली केल्या. शेवटच्या हिवाळ्यात तिनं त्या कुठे ठेवल्या होत्या, तेही गेलं. सही करायला कागद नव्हता म्हणून थांबलो असेन.

आधी दोनदा बॅटरी बदलली होती, चौऱ्याण्णवला आणि दोन हजार चारला. दोन्ही वेळा ती शेजारी बसली होती. मी झाकण लावायला घेतलं की ती स्टूल पुढे ओढायची आणि दोन्ही हात लांब करून त्या दोन बटणांवर एकेक बोट आडवं ठेवायची, दाबायला नाही, झाकायला. "तुम्ही शहाणे आहात हो," म्हणायची, "पण तुमच्या हातांचा काय भरवसा?" मी म्हणायचो, "अगं, हे माझं काम आहे." ती म्हणायची, "म्हणूनच." मशीन चालू होऊन अठ्ठेचाळीसवा आवाज येईपर्यंत बोटं हलवायची नाही. मला हसू यायचं. दोन हजार चारला थोडा रागही आला होता, आठवतं, कारण तिचा कोपर माझ्या दिव्याच्या आड येत होता.

दुपारी मी कामियाला फोन केला. कामिया माझ्या हाताखाली तयार झालेला, आता त्या खात्याचा मुख्य आहे. मी विचारलं, चिपमधून पुसलेलं काही परत मिळतं का? एवढी नवी यंत्रं आलीत म्हणून विचारलं.

"कोणाचं गिऱ्हाइकाचं?" त्यानं विचारलं.

"घरचं."

"बॅटरी गेली होय?"

"नाही. बदलली. आणि मग भरून घेतलं."

तो हसला. "नागुरासान! तुम्ही? आम्हाला तर तुम्ही पहिल्या दिवशी दरडावलं होतं, आधी कॅसेटवर उतरवून घ्या, मग झाकणाला हात लावा. कॅसेट असेलच ना."

"नाही."

"नाही?"

"गिऱ्हाइकांना सांगत होतो. घरी केलं नाही."

मग त्याला बहुधा आठवलं, की माझ्या घरी वाजवणारं कोण होतं. फोनवर त्याच्या मागे कोणीतरी स्वर तपासत होतं, एकच पट्टी पुन्हा पुन्हा. तो म्हणाला, "नाही मिळत, नागुरासान. त्यावर दुसरं लिहिलं गेलं की नाही मिळत. तुम्हाला माहीतच आहे." मी म्हटलं, हो, माहीतच आहे.

त्याच आठवड्यात मिसाओचा फोन आला, ओबोनला कोण कोण येणार ते सांगायला. मी म्हणालो, ते मशीन जरा दगा देतंय, बॅटरी गेलेली दिसते. तिची नावांची यादी तिथेच थांबली. मग म्हणाली, "बॅटरी गेली? तुमच्या घरात?" मी म्हटलं, बघतो काय करता येतं. फोन ठेवल्यावर मला घाम आला होता. खोटं बोललो म्हणून नाही. बघतो म्हणालो, ते मी मनापासून म्हणालो होतो, म्हणून. काय करायचं ते मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं. आवाज बनवायला काय लागतं? सत्तावीस आकडे. बघू, जुळवू. ते आतलं सर्किट मी डोळे मिटून काढून दाखवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातल्या तिच्या फोटोपुढे भात आणि चहा ठेवला आणि मशीनसमोर बसलो. पहिली खुंटी हातात धरली आणि तिथेच राहिलो. मला तो आवाज आठवेना. म्हणजे आठवत होता, घरातलं माणूस आठवावं तसा. ती सकाळी चहाला पाणी ठेवायची आणि उकळेपर्यंत उभ्याउभ्याच ती खालची पट्टी दाबून धरायची. अंगात ॲप्रन, एक हात कमरेवर. काहीतरी हेलकावे घेणारं, दबकं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. पाणी उकळलं की बोट उचलायची. ॲप्रनच्या पट्ट्या मला दिसत होत्या. किटलीचा आवाज ऐकू येत होता. पण त्या आवाजाची उंची किती, हेलकावा किती लांब, धार कुठे, विचारलं तर सांगता येईना. अठ्ठावीस वर्षं तो रोज माझ्या कानावर पडत होता आणि मी पेपर वाचत होतो. कोणी रेकॉर्ड करून ठेवला नाही. घरातल्या नळाचा आवाज कोणी रेकॉर्ड करून ठेवतं का?

मला कान नाही, हे आमच्यात पहिल्यापासून उघड होतं. आमची ओळखच त्यावर झाली. ती तेव्हा तपासणीला होती. एकसष्ट पट्ट्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दिवसाला चाळीस मशीनं. एकदा तिनं एक मशीन माझ्याकडे परत पाठवलं, वर चिठ्ठी, "खालून सहावी रुसली आहे." मी मोजलं, सगळं ठीक. परत पाठवलं. पुन्हा चिठ्ठी, "अजून रुसलेलीच आहे. तुम्ही मोजलंत. ऐकलंत का?" मी चिडून मोठ्या यंत्रावर लावलं तेव्हा त्या एका पट्टीच्या मागे एवढीशी गळती निघाली, आमच्या मर्यादेच्या आतली. मी ती दुरुस्त केली आणि चिठ्ठीवर लिहिलं, समजूत काढली. लग्नानंतर ती चारचौघांत सांगायची, "आमच्या यांना आवाज दिसतो, ऐकू येत नाही." सगळे हसायचे, मीही. मला तो गौरव वाटायचा.

हे मशीन घरी आलं ते पॅनेलवर ओरखडा होता म्हणून. विकता येत नव्हतं, मी मागून घेतलं. पहिलं वर्ष कोणी हात लावला नाही. मग शहाऐंशीच्या वसंतात ती रोज बसायला लागली. कानावर हेडफोन, एक हात पट्टीवर, दुसऱ्या हातानं एकेक खुंटी केसभर सरकवायची. वाजवायला तिला येतच नव्हतं, एक धड गाणंही नाही. मेचे पहिले दिवस होते ते, पतंगांचे. आमच्या गावात मूल झालं की त्याच्या नावाचा मोठा पतंग मोहल्ल्यातले लोक समुद्रावर उडवतात, आणि संध्याकाळी बिगुल वाजवत घरोघर जातात. त्या वर्षी शेजारच्या गल्लीत तीन पतंग होते. बाहेर बिगुल चालले होते आणि ती हेडफोन घालून बसली होती. मी म्हटलं, चल, बघून येऊ. ती म्हणाली, "वारा फार आहे." त्यानंतर एकाही वर्षी ती समुद्रावर आली नाही. दर वर्षी वाराच फार असायचा.

त्यातल्याच एका दिवशी दुपारी तिनं हेडफोनची तार ओढून काढली. मी जमिनीवर पेपर पसरून पायाची नखं काढत होतो.

"अहो, ऐका."

पट्टी दाबली. आवाज खोलीत आला. मी नेलकटर थांबवला.

"ओळखलंत?"

मला काहीच ओळखू आलं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या हिवाळ्यात तिचा चेहरा फार लहान झाला होता, आणि त्या दिवशी तो मला पहिल्यांदा पूर्वीसारखा दिसला. त्यावर कोण नाही म्हणेल?

"हो," मी म्हटलं. "छान जमलंय."

"खरंच ओळखलंत?"

"अगं हो."

तिनं कितीतरी वेळ बोट उचललं नाही. मग चार आणि आठ दाबून तो ठेवून दिला. मी उरलेली नखं काढली. कधीतरी विचारून घेऊ असं तेव्हा वाटलं होतं, सहज, बोलण्याच्या ओघात. पण एकदा हो म्हटल्यावर विचारायचं कसं? वर्ष गेलं, मग दहा गेली. पुढे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, की हा मागांचा आवाज. तोशिएच्या वडलांची विणकामाची शेड होती, बारा माग. दोघी बहिणी त्याच भिंतीला पाय लावून झोपायच्या, असं मिसाओ सांगायची. भिंतीपलीकडचे माग. बसत होतं सगळं. मला बरं वाटलं होतं.

म्हणून जूनचे उरलेले दिवस मी माग बनवत होतो. टपटप, खटखट, बारा वेगवेगळ्या लयी. एके दुपारी बऱ्यापैकी जमला. तो जुना नव्हता एवढं मला कळत होतं, पण का नव्हता ते कळत नव्हतं. मी तो अठ्ठेचाळीसवर ठेवला नाही. तिथे लग्नाचा बँड तसाच राहू दिला.

तेरा जुलैला मिसाओ दुपारीच आली. दोन डबे ग्योझा, टरबूज, कंदील, आणि ताईच्या येण्याजाण्यासाठी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करायला काड्या. आल्या आल्या तिनं देवघर पुसलं, मला वांगं दिलं, पाय टोचायला सांगितलं, मी तीन टोचले तर म्हणाली, "दाजी, ही गाय आहे की खेकडा? ताई यावर बसून परत जायची आहे." मग हात पुसत मशीनसमोर येऊन बसली. "झाली दुरुस्ती? लावा."

मी माझा माग लावला. पट्टी दाबून धरली. मिसाओ डोळे मिटून ऐकत होती. मग तिनं एक डोळा उघडला.

"हे काय आहे?"

"माग."

"ते कळलं मला, मी मागाखाली वाढलेय. पण हे कशाला लावलंत? ताईचा लावा."

"हाच तो. जवळपास."

"काहीतरीच काय दाजी. तो माग होता होय? माग खडखडतो, हाडांत जातो. ताई तर मागाला कंटाळलेली होती, लग्न करून सुटले म्हणायची. तो आवाज..." तिनं तळहात उलटासुलटा केला. "ओला होता. भिजलेला. माझं दुकान नवं होतं तेव्हा मी इथे झोपायला यायची ना, सकाळी तो ऐकूनच उठायची. कोणीतरी पाण्याखालून पळत येतंय, असा."

मी पट्टीवरचं बोट काढलं आणि तिला सांगितलं. बॅटरी गेली नव्हती. मी बदलली, आणि मीच पुसलं. दोन बटणं, सवयीनं. सांगायला अर्धं मिनिट लागलं. मला वाटलं ती ओरडेल. ती देवघराकडे बघत राहिली.

"मला तेव्हाच वाटलं," ती म्हणाली. "बॅटरी जाईल आणि दाजींना कळणार नाही, असं होणारच नाही." मग कंदील उलगडत, "जाऊ दे. तुम्ही परत बनवाल. बनवता येतं ना?"

"येतं. पण काय बनवायचं ते माहीत पाहिजे. मला वाटलं तुला माहीत असेल."

"मला?" मिसाओ वळली. "मी विचारलं होतं तिला. एकदा नाही, दहादा. ताई, हे काय आहे गं? तर म्हणायची, तुझ्या दाजींना विचार. त्यांनी लगेच ओळखलं."

बाहेर कोणीतरी सायकलला स्टँड लावला. मी वांग्याचा उरलेला चौथा पाय हातात धरून होतो.

"लगेच, म्हणाली?"

"लगेच. दर वेळी तेच. आणि काय तोरा असायचा सांगताना! जगात बाकी सगळे बहिरे आणि एक तुम्हीच." ती हसली आणि नाक पुसलं. "तर सांगा ना. काय होता?"

मी म्हटलं, "लय कशी होती? तुला लय आठवते?"

तिनं विचार केला आणि तळहातानं चटईवर थाप मारायला लागली. हलकी, दुहेरी, न थांबता. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मला दुसरं काही येत नाही. पंधरा सेकंदात छत्तीस. मिनिटाला एकशे चव्वेचाळीस. मागाचा कुठलाही भाग या लयीनं चालत नाही. माणसाचं हृदय पळून आल्यावर या लयीनं चालतं, किंवा...

मला ती खोली आठवली. शहाऐंशीचा जानेवारी, बाळंतपणाचा दवाखाना, हिरवट पडदा. तोशिए पाठीवर झोपलेली, पोटावर कसलातरी थंड लेप, आणि नर्सनं त्यावर टेकवलेली दांडी. दांडीची तार एका छोट्या पेटीत गेलेली. पेटीला स्पीकर. मी तोवर अशी पेटी बघितली नव्हती. मी वाकून बघायला लागलो. ऐकू येणार नाही असा आवाज आत सोडायचा, हलणाऱ्या वस्तूवर आपटून तो किंचित बदलून येतो, तेवढा फरक काढून ऐकवायचा. फार हुशारीचं काम होतं. मी नर्सला म्हटलं, स्पीकर मात्र हलका वापरलाय, खालचे स्वर सगळे कापले जातायत. नर्स हसली. तोशिए झोपल्याझोपल्या म्हणाली, "गप्प बसा हो जरा. ऐकू द्या." मग मी गप्प बसलो आणि पेटीवरचा आकडा बघत राहिलो. एकशे चव्वेचाळीस होता की एकशे चाळीस, आज सांगता येणार नाही. फेब्रुवारीत ती त्याच दवाखान्यात सतरा दिवस होती आणि एकटीच घरी आली. त्याबद्दल आम्ही बोललो नाही. मला वाटायचं, तिला बोलायचं नाहीये. तिला वाटत असेल, बोलायची गरजच काय, ह्यांनी लगेच ओळखलं.

"काय झालं दाजी?" मिसाओनं विचारलं. तिचा हात अजून चटईवर होता.

"काही नाही. चहाला पाणी ठेवतो."

"मी ठेवते. तुम्ही त्या गायीला पाय लावा."

दिवेलागणीला नेनबुत्सुवाले आले. पुढे कंदील, मागे बासरी, मग ढोल आणि झांजा, चाळीसेक माणसं, आमच्या एवढ्याशा अंगणात दाटीवाटीनं उभी. त्यांच्यातला एक आमच्या जोडणी खात्यातला होता, टोपीखालून त्यानं मान लववली. त्यांनी तोशिएचं नाव घेतलं आणि वाकून ढोल वाजवायला लागले. मिसाओ रडत होती. मी ढोल मोजत होतो. सावकाश होते, मिनिटाला पन्नास-साठ. जोराचा ठोका पडला की आत मशीनच्या सैल खुंट्या हलून किणकिणत होत्या. जाताना त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई आल्या असतील बघा." मी वाकून आभार मानले. सोळा तारखेला ओबोन संपलं, सकाळी मिसाओनं गाय आणि घोडा कागदात गुंडाळून नेले.

मी चुकतही असेन. मिसाओची थाप अठ्ठावीस वर्षांपूर्वीची आहे आणि माझं त्या खोलीतलं आठवणं त्याहून कच्चं. पण सर्किटाच्या बाजूनं बघितलं तर शंका राहत नाही. रेडिओच्या दोन स्टेशनांमधे येते तशी नुसती खरखर घ्यायची. तिची वरची धार कापायची, खालचीही थोडी, हलक्या स्पीकरसारखी. आणि सेकंदाला दोन पूर्णांक चार अशा हेलकाव्यानं ती उघडायची आणि मिटायची. सत्तावीसमधल्या सहा-सात खुंट्या, बाकीच्या शून्यावर. त्या जमल्या की चार आणि आठ दाबून ठेवून द्यायचं.

जुलै संपत आलाय. रोज सकाळी मी देवघरात भात आणि चहा ठेवतो, मशीनवरचं कापड काढतो आणि चालू करतो. चारवर बोट ठेवतो. मग पाणी उकळतं. हे दहा मिनिटांचं काम आहे. मी ते अजून केलेलं नाही.